रियाजासाठी छोटा म्युझिक प्लेअर कुठला घेऊ? फोन चालणार नाहीये

काळीचार

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मी कल्याणला राहते, नोकरी परळला, आणि आठवड्यातून दोनदा ऑफिस सुटलं की दादरला गाण्याच्या क्लासला जाते. शास्त्रीय, चार वर्षं झाली. आत्तापर्यंत क्लासचं सगळं फोनवर रेकॉर्ड करायचे आणि येताजाता लोकलमध्ये ऐकायचे, तोच माझा निम्मा रियाज, कारण घरी सासूबाईंच्या मालिका आणि मुलाचा अभ्यास यातून अर्धा तास मिळाला तर मिळाला.

आता झालंय असं की गेल्या महिन्यात विलंबित, म्हणजे संथ बडा ख्याल, चांगलं रंगात आलेलं असताना एका मुलीचा फोन वाजला, कुरियरवाला होता, बाईंनी तानपुरा शांतपणे खाली ठेवला आणि म्हणाल्या आजपासून फोन चपलांपाशी. संपलं. रेकॉर्डिंगला त्यांची ना नाही, फक्त फोन खोलीत नको. रेकॉर्डिंगचं काय करायचं ते बघू नंतर, एक मैत्रीण कुणाचा तरी रेकॉर्डर आणणारे म्हणतेय. मला आधी ऐकायला काहीतरी हवंय.

खरं सांगायचं तर बाईंनी सांगितलं नसतं तरी मला फोन नकोच झाला होता. डोंबिवलीला मी बंदिश ऐकत असते, मुंब्रा जाईपर्यंत ऐकत असते, आणि ठाण्याला नेटवर्क आलं की कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो बघत असते.

तर काय हवंय. गर्दीत एक हात वरच्या कडीला, तेव्हा न बघता चालवता येतील अशी बटणं. दीड तासाची फाईल असते, जिथे बंद केली तिथूनच परत सुरू व्हायला पाहिजे. एखादी जागा पुन्हा पुन्हा ऐकता आली पाहिजे, म्हणजे तेवढाच तुकडा फिरत राहील असं. तान जरा हळू करून ऐकता आली तर उत्तम. आणि पट्टी बदलता आली तर सोन्याहून पिवळं, कारण क्लासमध्ये तानपुरा बाईंच्या काळी तीनला असतो आणि मी घरी काळी चारमध्ये गाते. बजेट आठ-दहा हजार. जाणकारांनी सांगा, मला त्या डॅक-बिक मधलं काही कळत नाही.

खिडकीसीट

घरात जुना फोन पडला असेल ना? सिम काढा, वायफाय बंद, सगळी अ‍ॅप उडवा, एक व्हीएलसी ठेवा. त्यात ए-बी रिपीट आहे, ए आणि बी अशा दोन खुणा लावल्या की मधलाच तुकडा फिरतो, स्पीड कमीजास्त होतो, शून्य रुपये. दहा हजार कशाला घालवताय, त्यात चांगले इअरफोन आणि बाईंना गुरुपौर्णिमेला साडी दोन्ही होईल.

काळीचार

आहे जुना फोन, पण बटणं? टचस्क्रीनवर ते ए आणि बी गर्दीत लावून बघा एकदा. ए लावायला जाते आणि मागच्या बाईच्या बॅगेचा धक्का लागून पुढच्या फाईलवर जातं. आणि त्याला हेडफोनचं भोकच नाहीये, डोंगल लावावं लागतं, ते दोनदा हरवलं. शिवाय पुढेमागे क्लासमध्ये न्यायची वेळ आली तर बाईंना सिम आहे की नाही ते कोण समजावणार, त्यांच्या लेखी फोन तो फोन.

चोवीसबिट

घेताय तर चांगलंच घ्या. हिबी, शानलिंग, फिओ यांचे छोटे प्लेअर बघा, फ्लॅक, डीएसडी सगळे फॉरमॅट वाजतात, १९२ किलोहर्ट्झ २४ बिटपर्यंत जातात, ४.४ एमएमचं बॅलन्स्ड आउटपुट पण मिळतं काहींना. सोनीचे अँड्रॉइड वॉकमन तर मस्तच पण बजेट वाढवावं लागेल. एकदा हायरेझवर तानपुरा ऐका, फोनवर परत जाणार नाही. शास्त्रीय संगीतासाठी तर डिटेल महत्त्वाचंच.

सोल्डरगन

चोवीसबिट भाऊ, राग मानू नका, पण त्यांच्याकडच्या फाईली फोनवर केलेल्या आहेत. फोनचा रेकॉर्डर जर जुन्या एएमआर फॉरमॅटमध्ये सेव्ह करत असेल तर त्यात सेकंदाला ८००० सॅम्पल असतात, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच नाही, तानपुऱ्याची जवारी, तारेचा तो झंकार, तिथेच मेली. ती १९२ वर वाजवली तरी काय येणार? ऊस एकदा पिळला की चरकात परत घालून रस येत नाही. आणि साधी सीडी ४४.१ वर असते ती सुद्धा २२ किलोहर्ट्झपर्यंत जाते, माणसाचा कान वीसच्या पुढे जात नाही, चाळिशीनंतर तर बराच आधी थांबतो. लोकलच्या खडखडाटात कुठलं डिटेल ऐकू येणार ते वेगळंच.

काळीचार ताई, तुमची यादी वाचून मला लगेच रॉकबॉक्स आठवलं. हे फुकट सॉफ्टवेअर आहे, प्लेअरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या जागी टाकायचं. सॅनडिस्कचे जुने क्लिप प्लस आणि क्लिप झिप यांच्यावर चालतं, आयपॉड व्हिडिओवर चालतं. त्यात तुम्ही मागितलेलं सगळं आहे, अक्षरशः सगळं. बंद करताना आपोआप बुकमार्क, ए-बी रिपीट, आणि एक पिच स्क्रीन आहे जिथे टाइमस्ट्रेच चालू केलं की स्पीड वेगळा आणि सूर वेगळा बदलता येतो. सूर तर सेमीटोनच्या, म्हणजे पेटीवरच्या एकेका पट्टीच्या, हिशोबात पण सरकतो. काळी तीन ते काळी चार म्हणजे दोन सेमीटोन, मध्ये पांढरी पाच. टक्क्यात बघितलं तर साधारण १२.२ टक्के वर. एवढं केलं की बाईंच्या रेकॉर्डिंगबरोबर तुम्ही तुमच्या पट्टीत गायला मोकळ्या.

क्लिप झिप आगपेटीएवढा असतो, ओढणीला चिमटा लावून अडकवता येतो, कार्ड पण बसतं. मी माझ्यावर कीर्तनं टाकून आईला दिलाय, ती रोज चालायला जाताना ऐकते, आणि बंद करून चालू केलं की बुवा त्याच ओवीवर असतात, तिला त्याचंच जास्त कौतुक.

आता वाईट बातमी. हे मॉडेल बनणं बंद होऊन बरीच वर्षं झाली, सेकंडहँडच शोधावे लागतात आणि बॅटऱ्या दमलेल्या असतात. त्याच कंपनीचे नंतरचे क्लिप जॅम, क्लिप स्पोर्ट वगैरे दिसायला भाऊबंद वाटतील पण त्यांच्यावर रॉकबॉक्स चालत नाही, दुकानदार "सेम आहे मॅडम" म्हणेल, ऐकू नका. आयपॉड व्हिडिओ, २००५ चं मॉडेल, त्याची हार्ड डिस्क काढून कार्डाचं अडॅप्टर बसवता येतं, मी केलेत दोन, पण ते चाक गर्दीत अंगठा घसरून भलतीकडे जातं. तुमच्यासाठी बटणंच बरी.

लेडीजडबा

प्लेअरचं हे लोक सांगतील, मी इअरफोनचं सांगते कारण मी पण याच लाईनची, बदलापूर. कानात घट्ट बसणारे, रबरी टोपीवाले घ्या, तीन मापांच्या टोप्या येतात त्यातली बरोबर बसणारी लावा. बाहेरचा आवाज त्यानेच निम्मा कमी होतो, मग प्लेअरचा आवाज वाढवावा लागत नाही. आपण मोकळे इअरफोन लावतो, गाडीचा आवाज आत येतो, म्हणून व्हॉल्यूम वर, वर, वर, आणि घरी गेल्यावर कान गुणगुणतात. ढम ढम बास वाले नकोत, त्यात तानपुरा म्हणजे नुसता हुंकार ऐकू येतो.

वायरवाले घेतले तर वायर कुर्त्याच्या आतून घ्या. दादरला उतरताना माझे एकदा दुसरीच्या पर्समध्ये अडकून गेले ते गेलेच, मी प्लॅटफॉर्मवर आणि इअरफोन सीएसएमटीला.

आणि रूळ ओलांडताना, फलाटाच्या कडेला, काढून ठेवा हो. सांगायची गरज नाही पण रोज बघते म्हणून.

अवांतर: आमच्या डब्यात सकाळी भजनाचा ग्रुप असतो, टाळ असतात, तेव्हा कुठलाच इअरफोन चालत नाही, सरळ त्यांच्यात सामील व्हायचं.

टेपवाला

उशिरा धागा पाहिला. मी गिरगावातला, आता वसईला असतो, तालीम घेतली ती सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि पुढे बारा-तेरा वर्षं. गायक झालो नाही, ऐकणारा झालो. त्यामुळे लांबलचक लिहितोय, कंटाळा आला तर सोडून द्या.

काळीचार, तुम्ही प्रश्नच थोडा चुकीचा विचारलाय असं मला वाटतं. तुम्ही ऐकायला वेगळं यंत्र शोधताय आणि रेकॉर्डिंगला मैत्रीण कुणाचं तरी आणणार. आमच्या वेळी हे दोन कधी वेगळे नव्हतेच. एक छोटा टेपरेकॉर्डर, ज्यावर गुरुजींचं घ्यायचं आणि त्यावरच घरी ऐकायचं. सोनीचा वॉकमन १९७९ ला निघाला तेव्हा लोकांना नवल काय वाटलं होतं तर त्यात रेकॉर्डिंगच नव्हतं! आपल्याकडे कुणाच्या तरी दुबईच्या काकाने आणला तेव्हा मी हातात घेऊन पहिलं विचारलं होतं, लाल बटण कुठाय. तुम्हाला पाहिजे ते लाल बटणवालंच आहे. म्हणजे हातात धरायचा डिजिटल रेकॉर्डर. तो वाजवतोही, आणि विशेष म्हणजे ज्या गोष्टी गाणी ऐकायच्या प्लेअरमध्ये मिळता मिळत नाहीत, तुकडा फिरवणे, वेग कमी करणे, त्या यात आधीपासून असतात, कारण मुलाखती ऐकून लिहून काढणाऱ्यांना आणि वाजवणाऱ्यांना तेच लागतं. टॅस्कॅमचा डीआर-०५एक्स बघा, झूमचा एच१एन बघा, सोनीचा आयसीडी-यूएक्स५७० बघा. सोनीचा सगळ्यात लहान, खिशात राहतो, पोटातूनच यूएसबीची जीभ बाहेर येते, आत ४ जीबी आणि वर कार्ड. टॅस्कॅम दोन पेन्सिल सेलवर चालतो, म्हणजे बॅटरी मेली म्हणून वस्तू मेली असं होत नाही, स्टेशनवरच्या टपरीवरही सेल मिळतात. त्याला लूपचं बटण आहे, वेग बदलतो आणि सूर तसाच ठेवतो, आणि अडकवायला होल्डचा खटका आहे म्हणजे पिशवीत काही दाबलं जात नाही. ब्लूटूथ मात्र यात शोधू नका, वायरच लागणार.

आता रेकॉर्डिंगचं, कारण तिथे सगळे आपटतात.

नव्या रेकॉर्डरला आवाजाची पातळी आपोआप सांभाळायची सोय असते, ऑटो लेव्हल. मीटिंगसाठी ठीक आहे, कुणी हळू बोललं तर वाढवतं, जोरात बोललं तर दाबतं. गाण्याचा त्याने खून होतो. बाई गातायत तोवर तानपुरा मागे, आणि बाई श्वासाला थांबल्या की यंत्राला वाटतं शांतता झाली, तो आवाज वाढवतो, आणि तानपुरा एकदम फुगून तुमच्या अंगावर येतो. मग बाईंनी परत सा लावला की पहिला सूर चिरडला जातो. माझ्याकडे असल्या वीस-पंचवीस टेपा आहेत, त्या काळीही ऑटो लेव्हल होती आणि आम्हाला अक्कल नव्हती. श्वासागणिक समुद्राच्या लाटा. तेव्हा ऑटो बंद. हाताने पातळी लावायची, आणि बाई वरच्या षड्जाला गेल्या तरी काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी. कमी वाटलं तरी चालेल. चोवीसबिट यांनी वर जे सांगितलं त्यातला चोवीस इथे उपयोगी आहे, ऐकताना नव्हे, घेताना. १६ बिटला सुद्धा ९६ डेसिबलचा पल्ला असतो, पण चोवीसमध्ये पातळी खाली ठेवली तरी नंतर वाढवताना खरखर वर येत नाही.

दुसरं, लो कट नावाचं एक फिल्टर असतं, वाऱ्याचा, गाड्यांचा घुमारा कापायला. ते बंद ठेवा. फिल्टर बिचारं घुमारा कुठला आणि खर्जाची तार कुठली ते ओळखत नाही.

फॉरमॅट. वेव्ह म्हणजे ४४.१, १६ बिट स्टिरिओ, मिनिटाला साधारण १० एमबी, तासाला साडेसहाशेच्या आत. २४ बिट ९६ वर गेलात तर तासाला २ जीबी, त्याची तुम्हाला गरज नाही. एमपीथ्री १९२ केबीपीएसवर ठेवलंत तर तासाला ८६ एमबी. तुमचा क्लास दोनदा दीड-दीड तास म्हणजे आठवड्याला तीन तास, वर्षाचे सुट्ट्या जाऊन पन्नास आठवडे धरा, एमपीथ्रीत १३ जीबी होतात. ३२ च्या कार्डावर दोन वर्षं आरामात. मी म्हणेन क्लास वेव्हमध्ये घ्या, घरी कॉम्प्युटरवर ठेवा, आणि लोकलसाठी एमपीथ्री करून कार्डावर टाका. एमपीथ्री ६४ केबीपीएस वगैरेवर करायच्या भानगडीत पडू नका, तानपुरा पाण्याखाली बुडाल्यासारखा होतो. आणि मैत्रिणींना मेसेजवर पाठवायची घाई तर अजिबात नको, एक तर पाठवताना आणखी पिळलं जातं आणि दुसरं म्हणजे बाईंना विचारलंय का? रेकॉर्ड करायला परवानगी म्हणजे वाटायला परवानगी नव्हे. आमच्या गुरुजींनी एकाची टेप बाहेर गेली म्हणून सहा महिने कुणालाच यंत्र आणू दिलं नव्हतं.

पट्टीचं: रेकॉर्डरवर वेग बदलतो, पट्टी सहसा नाही. त्यासाठी ऑडॅसिटी, फुकट आहे, चेंज पिच म्हणून आहे त्यात, दोन सेमीटोन वर करून वेगळी प्रत ठेवा. दोनपर्यंत आवाज बाईंचाच वाटतो, चार-पाचला शाळेतली मुलगी गायला लागते. आणि एक म्हातारपणाचं मत, घ्या किंवा सोडा. पट्टी बदललेल्या प्रतीवर फार विसंबू नका. काळी तीनमध्ये ऐकलेलं काळी चारमध्ये आपल्या गळ्याने आणणं, त्यात शिकणं आहेच की.

तुकडा फिरवण्याचंही एक सांगतो. सगळे ए लावतात जागेच्या सुरुवातीला आणि बी संपल्यावर. मग तो तुकडा हवेत लटकतो, कुठून आली कुठे गेली कळत नाही. ए मुखड्याच्या (बंदिशीची ती परत परत येणारी ओळ) जरा आधी लावा आणि बी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, झाल्यावर दोन मात्रा गेल्या की. म्हणजे यायची वाटही पाठ होते. टेपवर आम्ही हे रिवाइंडचं बटण अर्धवट दाबून करायचो, चिरक चिरक आवाजावरून कळायचं किती मागे आलो, माझ्या अंगठ्याला त्याचा घट्टा होता.

सी-९० च्या टेपची एक बाजू ४५ मिनिटं. गुरुजींचं द्रुत, म्हणजे जलद ख्याल, नेमकं त्रेचाळिसाव्या मिनिटाला सुरू व्हायचं. खट्ट. सी-१२० वापरून बघितल्या, त्यांची फीत इतकी पातळ की उन्हाळ्यात गुंडाळीच व्हायची, मग पेन्सिल घालून फिरवा. तुमच्या दीड तासात खट्ट नाही, यासाठी तरी मी तुमचा हेवा करतो.

काळीचार

टेपवाला काका, नमस्कार करते. प्रिंट काढून घेतलंय, खरंच. ते लाटांचं वाचून दचकलेच कारण माझ्या सगळ्या जुन्या फाईली तशाच आहेत, मी चार वर्षं समजत होते बाईंचा तानपुराच तसा जुळवलाय!! आता त्या सुधारता येतील का?

टेपवाला

नाही. दाबलेलं उलगडत नाही. पण टाकू नका, शब्द आणि जागा तर आहेत. जुन्या टेपांचं एक मात्र सुधारता येतं, पट्टा सैल झालेल्या टेपरेकॉर्डरवर घेतलेलं गाणं वरखाली सरकलेलं असतं, काळी एकचे गुरुजी माझ्या एका टेपवर थेट काळी दोनला गातात. तिथे ऑडॅसिटीत चेंज पिच नव्हे, चेंज स्पीड अँड पिच, कारण सूर आणि लय दोन्ही एकत्र चढलेले असतात.

चोवीसबिट

ऑटो लेव्हलचं माहीत नव्हतं काका. माघार घेतो. तरी एकदा माझ्याकडे येऊन ऐका म्हणतो मी, ठाण्यालाच राहतो.

सोल्डरगन

+१ टेपवाला. मी पण माझं मत बदलतो, रेकॉर्डरच घ्या, क्लिप झिप कधी सापडला तर लोकलपुरता दुसरा.

लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर दोन गोष्टी. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. आणि मेमरी कार्ड फुटपाथवरून घेऊ नका. माझं ६४ चं कार्ड प्रत्यक्षात ८ चं निघालं, ते कॉम्प्युटरला ६४ सांगतं, आठ भरले की पुढचं सगळं कचऱ्यात जातं आणि कुठलाही एरर येत नाही, फाईलचं नाव दिसतं, आत काही नाही. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं, नवीन कार्ड आणलं की आधी ते चालवायचं मगच क्लासला न्यायचं. आणि कार्ड रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको. साध्या प्लेअरना ३२ च्या वरची कार्डं बऱ्याचदा वाचता येत नाहीत कारण ती एक्सफॅटमध्ये येतात, त्यामुळे ३२ चंच घेतलंत तर डोक्याला ताप नाही.

फाईलींची नावं रोमन अक्षरात आणि तारखेने सुरू करा, वर्ष महिना दिवस या क्रमाने. देवनागरी नावांच्या जागी असल्या यंत्रांवर नुसते चौकोन दिसतात, आणि दिवस आधी टाकलात तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येऊन बसतील.

काळीचार

अपडेट देते, तीन आठवडे झाले.

मागच्या शनिवारी ग्रँट रोडला उतरून गेले, नवऱ्याला बरोबर घेतलं होतं, तो दुसऱ्या दुकानापासून वडापाव कुठे मिळतो तेच बघत होता. पहिल्या दोन दुकानांत "मॅडम आजकाल कोण घेतं हे, मोबाईलला माईक लावा" म्हणाले आणि पॉडकास्टचे माईक दाखवायला लागले, गुलाबी रंगात पण आहे म्हणे. तिसऱ्यात डीआर-०५एक्स मिळाला, बजेटच्या थोडा वर गेला पण कार्ड घासाघीस करून त्यातच बसवलं. एच२टेस्ट का काय ते मुलाने केलं, कार्ड खरं निघालं.

चष्म्याच्या घराएवढा आहे, पुढे दोन माईक शिंगांसारखे. पहिल्या दिवशी गाडीत बाहेर काढला तर शेजारच्या काकूंनी विचारलं ट्रिमर आहे का. पण लूपचं बटण! गेला आठवडाभर बागेश्रीतली एकच जागा कल्याण ते परळ फिरवत होते, काकांनी सांगितलं तसं ए मुखड्याच्या आधी, बी समेनंतर. बुधवारी क्लासमध्ये ती जागा आपोआपच घेतली गेली, बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुढे गेल्या. चार वर्षांत तिसऱ्यांदा. मोजलंय मी.

ऑटो लेव्हल बंद केली, लो कट बंद केला, पातळी खाली ठेवली. लाटा गेल्या!! तानपुरा शेवटपर्यंत एकसारखा. रेकॉर्ड करता करताच खूण टाकायची सोय आहे, बाई काही समजावायला थांबल्या की मी खूण टाकते, नंतर थेट तिथे जाता येतं. लेडीजडबा यांचे टोपीवाले इअरफोन पण घेतले, सगळ्यात लहान माप बसलं.

खिडकीसीट, साडीचे पैसे उरले नाहीत, सॉरी.

आता एकच अडचण आहे. सगळ्या फाईलींत मागे एक घुर्र घुर्र आवाज येतोय, क्लासमधला पंखा. रेकॉर्डर बाईंच्या समोर सतरंजीवर ठेवते, साधारण तीन फुटांवर. पंखा वर छताला, बरोबर डोक्यावर. आता लो कट लावू का?

टेपवाला

लो कट नको. पंख्याखालून हलवा, तीनचे दोन फूट करा, म्हणजे बाई मोठ्या आणि पंखा लहान होईल. सतरंजीवर थेट ठेवू नका, तानपुऱ्याचा भोपळा टेकलेला असतो त्याची थरथर जमिनीतून येते. खाली घडी घातलेला टॉवेल किंवा छोटी उशी ठेवा. माईक बाईंच्या तोंडाकडे, तबल्याच्या डग्ग्याकडे पाठ.

आणि आमच्या गुरुजींकडे गाणं सुरू झालं की पंखा बंदच असायचा.

काळीचार

उशी करते. पंख्याचं बाईंना विचारलं काल.

लेडीजडबा

मग??

काळीचार

म्हणाल्या, आधी फोन बाहेर ठेवलेत, आता पंखा बंद करा म्हणताय, मे महिन्यात. मग थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, बडा ख्याल होईपर्यंत बंद ठेवू, द्रुतला लावू.